शिक्षण : देणगी की उचल?



दसरा-दिवाळी झाली की आपल्या बीड जिल्ह्यातील किती तरी घरांना कुलपे लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत ऊस तोडायचा असतो. या कुटुंबांतील मुले अर्धे वर्ष गावच्या शाळेत काढतात आणि अर्धे वर्ष कारखान्यावर. तेथे साखरशाळा असली तर तिच्यात, नाही तर कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत. दोन ठिकाणी शिकणे म्हणजे काय, हे तलवाड्याच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

उच्च शिक्षणात याच गोष्टीचे एक मोठे रूप आता आले आहे. एकाच विषयाची पदवी दोन देशांतील दोन विद्यापीठांत मिळून शिकायची, काही काळ इथे, काही काळ तिथे, आणि शेवटी दोन्ही विद्यापीठांनी आपापली पदवी द्यायची. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२२ मध्ये अशा दुहेरी पदवीचे नियम केले. त्यात किमान ३० टक्के श्रेयांक भारतातील संस्थेत मिळवावे लागतात. दोन्ही संस्थांमध्ये करार असतो, म्हणून एकीकडचा अभ्यास दुसरीकडे धरला जातो. ऊसतोड कामगाराच्या मुलाच्या दोन शाळांमध्ये असा करार कोणी करीत नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

उद्या आपल्या धर्मग्रामातील एखाद्या मुलीला असा प्रवेश मिळाला, तर आपण सर्व आनंदी होऊ. बाप जमिनीवर कर्ज काढील, मामा हातभार लावील, मिस्सानंतर आपणही वर्गणी जमवू. आणि मग कोणी तरी बोलेलच : “एवढे केले आहे, पण पोर तिकडेच राहिली तर?” हा प्रश्न हलका नाही. पोटाला चिमटा काढून दिलेला पैसा असतो. पण आपण जे देतो ती देणगी आहे की उचल, हे देण्याआधीच स्वतःला विचारायला हवे.

दोन देशांत शिकलेला आपल्याकडचा सर्वांत मोठा विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये तेथे एम. ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडनला गेले. या शिष्यवृत्तीला एक अट होती : शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करायची. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली, लंडनचा अभ्यास अर्धवट राहिला आणि बाबासाहेब करार पाळण्यासाठी बडोद्याला हजर झाले. तेथे काय झाले? कचेरीतले शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून कागद टाकीत. राहायला घर मिळेना. एका पारशी उतारशाळेत ते राहिले, तर लाठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना तेथून बाहेर पडावे लागले. हिंदू मित्र आणि ख्रिस्ती मित्र, दोघांकडेही त्यांनी आसरा मागून पाहिला. तो मिळाला नाही. यातला दुसरा उल्लेख आपण ख्रिस्ती लोकांनी चटकन वाचून पुढे जाऊ नये.

दहा वर्षांचा करार असा काही दिवसांत मोडला. मोडला कोणी? ज्याने सही केली होती तो तर परत आला होता. ज्या गावाने त्याची सेवा मागितली होती, त्या गावात त्याला छप्पर नव्हते.

पुढे मुंबईत प्राध्यापकी करून, पैसे साठवून, थोडे उसने घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. त्या विद्येची फेड बडोद्याच्या कचेरीत झाली नाही. ती अनेक ठिकाणी झाली, आणि आपल्या मराठवाड्यातही झाली. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले, तेव्हा मराठवाड्यात विद्यापीठसुद्धा नव्हते. ते १९५८ मध्ये आले. करारात मराठवाड्याचे नावही नव्हते.

मग शिकलेल्याचे काहीच कर्तव्य नाही काय? आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू दहा कुष्ठरोग्यांना बरे करतो आणि एकच परत येतो, तोही शोमरोनी, म्हणजे परका. बाकीचे नऊ कोठे आहेत, असे प्रभू विचारतो. म्हणजे परत न येणे त्याला लागले. पण त्या नऊ जणांचा रोग त्याने पुन्हा त्यांच्या अंगावर घातला नाही. आणि जो परत आला त्यालाही पायाशी बसवून ठेवले नाही. उठून जायला सांगितले. मुकादम असा वागत नाही. त्याच्या वहीत उचल लिहिलेली असते, आणि ती फिटली नाही तर पुढच्या हंगामालाही माणूस त्याचाच.

आपल्या मुलांशी बोलताना आपली भाषा कोणाची असते? “तुझ्यासाठी आम्ही एवढे खाल्ले नाही, एवढे नेसलो नाही” असा हिशेब फोनवर दर रविवारी ऐकणारे पोर परत आले, तरी ते कर्ज फेडायला येईल. आणि मुलींच्या बाबतीत तर परत ये म्हणजे लग्नाला ये, एवढाच अर्थ पुष्कळ घरांत असतो. तिने दोन देशांत जे शिकले त्याला इथे कोणते काम आहे, ती आली तर तिचे म्हणणे धर्मग्रामाच्या सभेत कोणी ऐकणार आहे का, याचा विचार कोणी केलेला नसतो. वर्गणीची पावती फाडण्याआधी तो विचार व्हावा. पैसे जमले नाहीत तर फादरांना सांगून आणखी एक रविवार मागून घेता येईल, पण तिने परत यावे असा कागद मात्र तिच्याकडून लिहून घेऊ नये.