तट आणि पहारा

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह हा मुळात भुईकोट, म्हणजे सपाट जमिनीवर बांधलेला किल्ला आहे. पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात त्याचे काम आरंभले, १७३७ मध्ये तो मराठ्यांनी आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी जिंकला, आणि १८३३ मध्ये त्याचा तुरुंग झाला. पॅरिसमधील कॉन्सिएर्जरी हा तर मध्ययुगीन राजवाडाच. चौदाव्या शतकात राजांनी तो सोडल्यावर तिथे कैदी ठेवले जाऊ लागले आणि १७९३ मध्ये राणी मारी आंत्वानेतला तिथूनच वधस्तंभाकडे नेण्यात आले.

शत्रूला बाहेर ठेवणारा तट कैद्याला आत ठेवण्यासही पुरेसा ठरतो, असे अशा वास्तूंविषयी सहज म्हटले जाते; ठाण्याच्या इतिहासात मात्र ते टिकत नाही. गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या १८१५ मधील खुनाचा आरोप असलेले पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इंग्रजांच्या कैदेत याच किल्ल्यात होते आणि त्यांच्यावर गोऱ्या शिपायांचा कडक पहारा होता. घोड्याची निगा राखता राखता एका मराठी मोतद्दाराने गाण्यातून त्यांना सुटकेचा बेत कळवला, मराठी न समजणाऱ्या पहारेकऱ्यांना त्यात काहीच वावगे वाटले नाही आणि सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले, अशी हकीकत इतिहासकारांनी नोंदवली आहे. तट होता तसाच होता. अपुरे पडले ते राज्यकर्त्यांचे प्रजेविषयीचे ज्ञान.

पुढील काळात इंग्रजी सत्तेने ही उणीव खबरे, पोलीस, न्यायालये आणि कागदोपत्री नोंदी यांच्या साहाय्याने भरून काढली, आणि किल्ल्याचा खरा तुरुंग झाला तो यामुळे, दगडांमुळे नव्हे. महादेव कोळ्यांच्या उठावाचे नेते राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये, तर नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी इथेच फाशी देण्यात आली.

म्हणूनच अशी वास्तू पाहायला जाणाऱ्याची अडचण केवळ ठाण्यातल्यासारख्या चालू तुरुंगाच्या बंद दाराची नसते. कॉन्सिएर्जरीत आज कोणालाही प्रवेश मिळतो. तरीही कमानींचे दालन पाहून राजवाडा कळतो, तुरुंग कळत नाही. तिथे पैसे मोजणाऱ्या कैद्याला पलंग मिळे आणि गरीब कैदी गवतावर निजे, हे भिंती सांगत नाहीत. ते लेखी पुराव्यांतूनच समजते. ठाण्यात तट-बुरुजांच्या जतनाची मागणी रास्तच आहे, परंतु फाशी गेलेल्या वीरांखेरीज इथे दिवस काढलेल्या असंख्य सामान्य कैद्यांची ओळख दफ्तरांच्या अभ्यासाशिवाय होणार नाही, आणि त्या अभ्यासाला तटांच्या डागडुजीइतकेच महत्त्व मिळायला हवे.