पहाटेपर्यंतची झुंज



कतारची राजधानी दोहा. तेथील एका वस्तीचे नाव अल हिलाल. हिलाल म्हणजे नवी चंद्रकोर. आपला रोश होदेशही तिच्याशीच बांधलेला. या वस्तीपासून काही मैलांवर खलिफा स्टेडियम आहे. कतारशी आपल्या इस्राएलचे राजनैतिक संबंध नाहीत हे खरे, पण चांगला धडा कोठूनही घ्यावा. म्हणून आज आम्ही आपला पिता याकोब याच्याबरोबर दोह्याच्या एका उंच उडीवाल्याची गोष्ट सांगण्याचे योजिले आहे.

त्याचे नाव मुताझ बार्शिम. जन्म १९९१ साली दोह्यातच. हा उंच उडीचा खेळ मोठा विलक्षण. धावण्याच्या शर्यतीत पहिला आलेला जिंकून थांबतो. येथे मात्र जिंकलेल्यासाठीही दांडी वर चढवीत नेतात, आणि बहुधा सुवर्णपदक मिळविणाराही शेवटी तीनदा दांडी पाडूनच मैदान सोडतो. पोलंडचे प्रशिक्षक स्तानिस्लाव श्चिर्बा यांनी बार्शिमला वर्षानुवर्षे घडविले. उडी क्षणाची; तिच्यामागे वळण घेत येणारी धाव, मोजून टाकलेली पावले आणि पुन:पुन्हा तेच घोटणे.

२०१८ साली ज्या पायावर उडी घ्यायची त्याच डाव्या पायाचा घोटा दुखावला. शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच वर्षी, ४ ऑक्टोबर २०१९ रोजी, खलिफा स्टेडियमवर घरच्या लोकांसमोर तो २.३७ मीटर उडाला आणि जगज्जेता झाला.

आता बेरेशीत आठवा. यब्बोकच्या उताराशी याकोब एकटा राहिला आणि पहाट होईपर्यंत झुंजला. जांघेचा सांधा निखळला, तरी आशीर्वाद मिळेपर्यंत त्याने पकड सोडली नाही. इस्राएल हे नाव त्याला त्या पहाटे मिळाले, आणि सूर्य उगवला तेव्हा तो लंगडत चालला होता. आपण स्वत:ला बेने इस्राएल म्हणवितो. म्हणजे त्या लंगडणाऱ्याचीच लेकरे. दुखापत आणि आशीर्वाद एकाच रात्री आले, हे तोरेने लपविलेले नाही.

दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी हेच वेगळ्या रीतीने शिकविले. दिवसभर खेळून सचिन तेंडुलकर थकला, की सर यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. बाद करील त्या गोलंदाजाचे नाणे. शेवटपर्यंत नाबाद राहिला तर सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने आजवर जपली आहेत. सर स्वत: प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. यार्देन न ओलांडता यहोशवाला तयार करणारे मोशे रब्बेनू आम्हांला येथे आठवतात.

पण याकोबाच्या कथेत एक बोचरी गोष्टही आहे. धाकट्याने आशीर्वाद नेल्यावर एसाव ओक्साबोक्शी रडला आणि आपल्यासाठी एकही आशीर्वाद उरला नाही का, असे त्याने बापाला विचारले. आज आपल्या घरांतून, लोदला असोत की अश्दोदला, नातवंडांचा निकाल लागला की पहिला प्रश्न कोणता असतो? पहिला कोण आला! दुसऱ्या आलेल्या पोराचा चेहरा कोण पाहतो?

१ ऑगस्ट २०२१ रोजी तोक्योच्या ऑलिम्पिकमध्ये बार्शिम आणि इटलीचा ज्यानमार्को तांबेरी दोघेही २.३७ वर बरोबरीत राहिले. २.३९ वर दोघांनी तीन तीन वेळा दांडी पाडली. तांबेरीचाही डावाच घोटा २०१६ साली मोडला होता आणि त्याचे रिओ ऑलिम्पिक हुकले होते. पंचांनी आणखी एक उडी मारून निकाल लावण्याचा पर्याय सांगितला. तेव्हा बार्शिमने विचारले, दोघांना सुवर्ण मिळू शकेल काय? नियमात तशी सोय होती. मिळाले.

काही जण म्हणतील, हे कसले जिंकणे? आम्हांस तसे वाटत नाही. दोघेही आपली रात्र पुरती झुंजले होते. आळशाने मागितलेली वाटणी वेगळी आणि ही वेगळी. पॅरिसला २०२४ साली न्यूझीलंडचा हॅमिश कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवन असेच बरोबरीत आले. त्यांनी निकाल लावणेच पसंत केले व कर जिंकला. तेही रास्तच. मात्र त्याच पॅरिसमध्ये पात्रता फेरीत बार्शिमची पोटरी धरली, तेव्हा धावत येऊन ती चोळणारा तांबेरी होता. अंतिम फेरीत बार्शिमला कांस्य मिळाले. स्वत: मुतखड्याने बेजार झालेला तांबेरी मागे राहिला.

एसावही पुढे धावत आला होता. वीस वर्षांच्या भांडणानंतर लंगडणाऱ्या भावाच्या गळ्यात पडून तो रडला, दोघेही रडले. नंतर एक सेईरकडे गेला, दुसरा सुक्कोथकडे. आणि म्हातारा इसहाक वारला तेव्हा एसाव आणि याकोब या दोघांनी मिळून त्याला मूठमाती दिली.