शाळेतील भय

इ. स. १८५६ त धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलास प्रवेश नाकारिला. आज दार उघडे आहे; परंतु ज्यास मागे बसवितात, ज्याच्या बोलीस हसतात, ते मूल हजेरीपटावर असूनही बाहेरच उभे नव्हे काय? धाकावाचून विद्या येत नाही, असे कित्येक म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. धाकाने पाठांतर होईल, पण शंका विचारण्याचे धैर्य जाते. आणि शंकेवाचून ज्ञान कैचे? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे १७ वे कलम मारहाण व मानसिक छळ या दोहोंस मनाई करिते. मारहाणीचा वळ दिसतो. छळाचा वळ विचारल्यावाचून कळत नाही. यास्तव, प्रिय वाचकहो, मूल शाळेस जाण्यास कांकू करू लागल्यास त्यास आळशी म्हणण्यापूर्वी जवळ घेऊन कारण विचारावे.