शब्दाला जामीन

खोटे बोलू नये, हे लहान मूलही जाणते. परंतु आपल्याला जे खरे वाटते तेवढेच बोलले म्हणजे सत्याचे ऋण फिटते काय? सामान्य माणसाला हा प्रश्न फारसा पडत नाही. त्याचे बोलणे चार घरांपलीकडे जात नाही. ज्याच्या वाणीला धार आहे त्याला मात्र तो टाळता येत नाही.

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. रोगी हुडकण्यासाठी गोरे शिपाई घरोघर शिरत, देवघर-माजघरही सोडत नाहीत, अशी लोकांची तक्रार होती. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडात गेले होते. पुण्याहून आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी तिथल्या एका वृत्तपत्राला सांगितले की, शिपायांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केला. सरकारने पुरावा मागितला. गोखले परतले, तेव्हा साक्षीला कोणी उभे राहीना. त्यांनी पत्रलेखकांची नावे उघड केली नाहीत. जाहीर, बिनशर्त माफी मागितली. त्यांचे वय तेव्हा ३१ वर्षांचे होते.

पुष्कळांना ती माफी म्हणजे भ्याडपणा वाटला. त्यांचा राग अगदीच निराधार नव्हता. अब्रूच्या भयाने साक्षीदार गप्प राहिले, एवढ्यावरून घटना घडलीच नाही असे ठरत नाही. शिवाय माफीने लोकांच्या खऱ्या गाऱ्हाण्यांचेही बळ गेले. पण हा दोष माफीचा, की आधीच्या विधानाचा? झडत्यांच्या जाचाला गावभर साक्षीदार होते. त्या गाऱ्हाण्यांच्या शेजारी सिद्ध न होणारे एक वाक्य येऊन बसले आणि त्याने बाकीच्यांची पत घालवली.

वक्तृत्वाचे खरे भय येथे आहे. साधा माणूस बोलतो तेव्हा ऐकणारा पुरावा शोधतो. वक्ता बोलतो तेव्हा त्याची वाणीच पुराव्याच्या जागी बसते. दुसऱ्याकडून ऐकलेली गोष्ट त्याच्या मुखातून त्याची स्वतःची होऊन बाहेर पडते. म्हणून वक्त्याने नुसते प्रामाणिक असून भागत नाही. तो आपल्या शब्दाला जामीन राहिलेला असतो. ऋणको नाहीसा झाला की सावकार जामिनाच्या दारी येतो. गोखल्यांच्या दारी तो आला, तेव्हा त्यांनी दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवले नाही. एवढा मोठेपणा सर्वांना साधेलच असे नाही. परंतु व्यासपीठावर चढण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारणे कोणालाही अवघड नाही: उद्या कोणी पुरावा मागितला, तर मी कोणाच्या दारी जाईन?