लहान माशाची बाजू

गप्पीची पिलं जन्मतात तेव्हा सगळी सारखीच दिसतात. दोन-तीन आठवड्यांत चित्र पालटतं. चार-पाच पिलं बाकीच्यांपेक्षा ठळक वाढलेली असतात. चिमूटभर खाणं पाण्यावर पडलं की तीच आधी झेपावतात, आणि काही पाणवनस्पतीच्या आड अंग चोरून राहतात. फायटर किंवा ऑस्करच्या पिलांत तर मोठं पिल्लू लहानाला गिळायलाही कमी करत नाही. म्हणून घरी मासे वाढवणारे पिलांची प्रतवारी करतात. टाकीतलंच पाणी पांढऱ्या टबात घ्यायचं. मोठी पिलं जाळीऐवजी प्लास्टिकच्या पेल्याने पाण्यासकट अलगद उचलायची, कारण जाळीत त्यांचं कोवळं अंग दुखावतं. मागे राहिलेल्यांना दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवायचं: उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून, नाहीतर आर्टेमिया या इवल्या जलजीवाची नुकती फुटलेली पिलं.

या साध्या कामात एक फार जुना प्रश्न दडलेला आहे. मोठ्याने लहानाला खावं हा सृष्टीचाच क्रम असेल, तर मध्ये पडणारा माणूस कोण?

‘बळी तो कान पिळी’ या व्यवहाराला आपल्या शास्त्रकारांनी नाव दिलं तेच मुळी माशांवरून: मत्स्यन्याय. आणि त्या न्यायाविरुद्ध पहिली तक्रार केली तीही एका माशानेच. शतपथ ब्राह्मणात मनू सकाळी हात धूत असताना त्याच्या ओंजळीत एक इवलासा मासा येतो आणि आश्रय मागतो. लहान आहोत तोवर मोठे मासे आम्हाला खातात, मला सांभाळ, असं त्याचं म्हणणं. मनू त्याला घागरीत ठेवतो, घागर अपुरी पडते तेव्हा खड्डा खणून त्यात, आणि तोही पुरेना तेव्हा समुद्रात सोडतो. महाभारताच्या वनपर्वात हीच कथा विस्ताराने येते. तिथे भांडं, मग विहीर, मग गंगा आणि शेवटी सागर असा क्रम आहे. वाढीप्रमाणे जागा बदलत जाण्याचा हा क्रम घरी मासे वाढवणाऱ्या कुणालाही ओळखीचा वाटेल.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हाच वैवस्वत मनू पुन्हा भेटतो. मत्स्यन्यायाने गांजलेल्या प्रजेने त्याला राजा केलं आणि धान्याचा सहावा हिस्सा देऊ केला, असं तिथे म्हटलं आहे. ज्याने एका माशाला वाचवलं, त्याच्याच नावावर परंपरेने दुर्बळांच्या रक्षणाचं राज्य लिहिलं. मनूच्या माशाची कथा सांगणाऱ्या महाभारताचे संस्कार बारामतीत खोल आहेत. कऱ्हेकाठच्या या गावी कवी मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ते आर्यावृत्तात मराठीत आणलं आणि इथेच ‘केकावली’त देवाला आर्त साद घातली. असहायाने समर्थाला हाक मारावी आणि समर्थाने ती ऐकावी, ही अपेक्षा मनूच्या माशाच्या कथेत आणि ‘केकावली’त सारखीच आहे.

तरी शंका उरतेच. ज्याचं त्याचं प्रारब्ध, असं म्हणून कुणी बाजूला होईल. पण माशांचं शरीरशास्त्र इथे वेगळीच साक्ष देतं. पिलांमधला फरक नेहमीच रक्तातला नसतो. एखादं अंडं थोडं आधी फुटतं, एखाद्याला पहिला घास लवकर मिळतो. ते थोडं मोठं होतं, म्हणून अधिक खातं, म्हणून आणखी मोठं होतं. त्याच्या धाकाने बाकीची खाण्यापाशी फिरकतही नाहीत. धाक दाखवणारी पिलं वेगळी काढली की दबलेल्यांपैकी अनेक भराभर भरून निघतात. इंदापूरच्या डाळिंबाची प्रतवारी झाली की फळाचा दर्जा ठरून जातो. पिलाची प्रतवारी त्याला पुन्हा संधी देण्यासाठी असते.

दुसरं असं की ओढ्यात लहान माशाला पळायला वाट असते, दगडाच्या फटी असतात, उथळ कडा असतात. काचेच्या चार भिंतींत यातलं काहीच नाही. त्या भिंती माणसाने उभ्या केल्या. तेव्हा आत जे घडेल ते निसर्गावर ढकलून त्याला मोकळं होता येत नाही.

अर्थात या दयेलाही किंमत पडते. गप्पीचं पिल्लू वाचवताना आर्टेमियाचे शेकडो जीव जातात, आणि जैन दृष्टीने तेही त्रस, म्हणजे हलते-चालते जीवच. हा हिशेब पूर्ण फिटत नाही, हे मान्य करूनच पुढे जावं लागतं. हिंसा शून्यावर येत नसली, तरी आपण किती जीव जन्माला घालतो, हे पाळणाऱ्याच्या हातात असतं.

म्हणूनच पिलं फार झाली की ‘पुण्य लागेल’ म्हणून ती कालव्यात किंवा उजनीत सोडून देणं ही सर्वांत फसवी दया. भीमेवरचं हे धरण १९८० साली पूर्ण झालं आणि इंदापूर तालुक्याच्या कडेने पसरलेल्या त्याच्या फुगवट्यावर भिगवण परिसरातल्या मच्छीमारांची चूल पेटते. तिथे बाहेरून आलेल्या चिलापीने आधीच पाय रोवलेत. मत्स्यालयातला सकर मासाही मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात, आणि बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. जाळ्याचा आस मोठा ठेवावा, म्हणजे बोटुकली निसटून वाढेल, असा आग्रह मच्छीमार धरतात; पण घरातून सोडलेल्या परक्या माशापुढे तो आग्रह लंगडा पडतो. एका टाकीतल्या लहानांवर केलेली दया जलाशयातल्या लहानांच्या मुळावर येते.

उपाय पिलं जन्मण्याच्या आधीच करायचा असतो. गप्पीच्या नराचा गुदपर लांबट होऊ लागतो तो साधारण चौथ्या आठवड्याच्या आसपास. तेव्हाच नर-मादी वेगळ्या टाक्यांत ठेवायला हवेत, कारण एकदा संग झाला की मादी नराचं वीर्य साठवून पुढे कित्येक महिने पिलं देत राहते. जितके टब आपल्याला नीट सांभाळता येतील, तितक्याच पिलांना जन्म द्यायचा. पाठीचा कणा वाकडा असलेलं एखादं पिल्लू त्यातही निघेलच. ते खात-पोहत असेल तोवर त्याला वेगळ्या टबात वाढवायला फार जागा लागत नाही.