उलटून न पाहिलेला ओंडका

लाकडाला पापुद्र्यासारखी चिकटून वाढणारी बुरशी हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहात, पोचते ती कागदाच्या घडीतून. आत सालीसकट तासून काढलेला वाळका ढलपा, वर चिठ्ठी: नाव, गाव, तारीख, लाकूड कोणत्या झाडाचं, नमुना कोणी गोळा केला. लंडनच्या क्यू उद्यानात बुरशीचे असे साडेबारा लाखांच्या आसपास नमुने आहेत. एवढा साठा असला की कोणती बुरशी कुठे राहते हे ठाऊक झालं, असं वाटू लागतं. मला मात्र या चिठ्ठ्यांत बुरशीइतकीच माणसांची ये-जा दिसते.

सर्पुला लॅक्रिमन्स हीच बुरशी घ्या. १७८१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ वुल्फेनने तिचं वर्णन केलं. युरोपातल्या ओलसर घरांत ती तुळया आणि जमिनीच्या फळ्या कुजवते. गंजाच्या रंगाचा सुरकुतलेला थर, कडेला पांढरी किनार, आणि ताजी असताना अंगावर पाण्याचे थेंब. नमुना वाळला की थेंब गेले, रंगही उतरला. ते चिठ्ठीवर न लिहिणारा अर्धा नमुना जागेवरच सोडून येतो, असं मी मानतो.

घरातली जमीन खचली की घरमालक कोणाला तरी बोलावतो, आणि नोंद होते. रानात पडलेल्या ओंडक्याची तक्रार कोण करणार? त्यामुळे या बुरशीच्या नोंदी घरांतून भरपूर आणि रानातून मोजक्या. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतले के. बागची यांनी १९५४ मध्ये ती हिमालयातल्या जंगलातून नोंदवली. पुढे २००७ मध्ये जगभरच्या नमुन्यांच्या डीएनएवरून तिचं मूळ आशियाच्या मुख्य भूमीत असल्याचा निष्कर्ष निघाला. नुसत्या नोंदींची संख्या पाहून मूळ शोधू गेलं असतं, तर बोट युरोपातल्या तळघरांवरच पडलं असतं.

हे मनात ठेवून नोंदींचा नकाशा पाहिला की त्यावरच्या कोऱ्या जागा वेगळ्या दिसू लागतात. तिथे बुरशी नाही, की तिथे कोणी वाकून फांदी उलटली नाही? लाकडाला चिकटून वाढणाऱ्या या बुरश्या बहुधा पडलेल्या लाकडाच्या खालच्या, ओलाव्याच्या अंगाला असतात. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या वाटेवरून शेकडो माणसं जातात, पण वरून पाहणाऱ्याला तिथे फक्त काटक्या दिसतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशीतज्ज्ञ आजरेकरांच्या नावाचा कवकसंग्रह आहे. असे संग्रह वाढायला हवेत, त्यांना माणसं आणि पैसा मिळायला हवा, हे तर आहेच. पण माझं मागणं आणखी एक आहे. गोळा करणाऱ्याने सापडलं ते लिहावंच, शिवाय किती ओंडके उलटले, कोणत्या झाडांचे, आणि त्यांतल्या किती ठिकाणी काहीच मिळालं नाही, हेही लिहावं. आज ही ओळ कोणाला निरर्थक वाटेल. पण पन्नास वर्षांनी एखादी बुरशी खरोखर नाहीशी झाली का, असं कोणी विचारलं, तर उत्तर याच ओळीवरून देता येईल.