रजेवरच्या माणसाला फोन न करण्याचं कर्तव्य

9 जुलै 2021 रोजी रिझर्व्ह बँकेने देशातल्या बँकांना एक परिपत्रक पाठवलं. ट्रेझरी, करन्सी चेस्ट, जोखमीचं मोजमाप अशा संवेदनशील जागांवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, सक्तीने रजेवर पाठवा, आणि तेही त्याला आधी न कळवता, असा त्याचा आशय होता. या दिवसांत त्याला आपल्या कामाची कागदपत्रं किंवा संगणकप्रणाली यांपैकी कशालाही हात लावता येत नाही. सगळ्यांसाठी असलेली कार्यालयीन ईमेल तेवढी खुली राहते. नियमामागचा हेतू अर्थातच विश्रांतीचा नाही. माणूस खुर्चीवरून हलला की त्याने दडवलेलं काही असेल तर ते उघडं पडतं, म्हणून ही खबरदारी. पण त्यातून आणखी एक गोष्ट कळते. जिथे रोज कोट्यवधींची उलाढाल होते, तिथलाही माणूस ध्यानीमनी नसताना दहा दिवस बाजूला काढता येतो आणि बँक चालू राहते. मग महिनाभर आधी अर्ज देऊन गावी गेलेल्या किंवा तापाने अंथरुणाला खिळलेल्या माणसावाचून ऑफिस अडतं, हे कारण कितपत टिकतं?

रजेवरच्या माणसाला येणारे फोन बहुतेक वेळा आणीबाणीचे नसतातच. ‘ती फाइल कुठे ठेवलीय?’, ‘पासवर्ड काय आहे?’, ‘क्लायंटला तेवढा एक मेल टाका’, ‘दोनच मिनिटं घेतो’ अशी त्यांची भाषा असते. त्यातला एक नमुना जवळून पाहण्यासारखा आहे. लहान कंपन्यांत आणि संस्थांत बँकेच्या ऑनलाइन व्यवहारासाठी नोंदवलेला मोबाइल नंबर पुष्कळदा हिशेब पाहणाऱ्या एकाच व्यक्तीचा असतो. त्या बाई डेंग्यूने दवाखान्यात दाखल असल्या, तरी पुरवठादाराचे पैसे सोडायचे म्हटलं की ओटीपी त्यांच्याच फोनवर येतो. एका हाताला सलाइन, दुसऱ्या हातात फोन, आणि आकडे वाचून दाखवेपर्यंत मुदत संपली की पुन्हा सगळं पहिल्यापासून. फोन करणारे साहेब दुष्ट असतात असं नाही. तब्येतीची चौकशी ते आधी करतात, आणि मनापासून करतात. पण दुसऱ्या कुणाला अधिकार देण्यासाठी बँकेत एक फॉर्म भरायला हवा होता, तो कुणी भरला नाही. त्या न भरलेल्या फॉर्मची किंमत आजारी बाई चुकवतात. रजेतला जवळजवळ प्रत्येक फोन तपासला, तर त्याच्या मुळाशी अशीच एखादी राहून गेलेली तजवीज सापडेल. कुणी कामाची नोंद ठेवलेली नसते, कुणी बदली माणूस तयार केलेला नसतो, कुणी तीन जणांचं काम दोघांवर टाकलेलं असतं.

रजा म्हणजे मालकाने खूश होऊन दिलेली सवलत, ही समजूत आपल्याकडे अजून घट्ट आहे. ‘जा, दिली रजा’ या उपकाराच्या सुरातच पुढच्या फोनाची परवानगी गृहीत धरलेली असते. कायदा मात्र तसं मानत नाही. 1948च्या कारखाने कायद्याने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा कामगाराच्या नावावर जमा केली. त्यासाठी वर्षात 240 दिवस भरण्याची अट होती, ती नोव्हेंबर 2025मध्ये लागू झालेल्या नव्या संहितेने 180 दिवसांवर आणली. म्हणजे ही रजा आधी काम करून कमावलेली असते. ती भोगताना पुन्हा काम करायला लावणं हे दिलेला पगार परत मागण्यासारखंच आहे. आजारपणाच्या बाबतीत तर कायदा आणखी पुढे गेला आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत आजारी कामगाराला वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के रक्कम मिळते, आणि 1948च्या मूळ कायद्याने त्याच्यावर एक बंधनही घातलं. उपचार चालू असताना बरं होण्यात अडथळा येईल असं काहीही त्याने करू नये. आजारी माणसावर कायदा एवढी जबाबदारी टाकतो, तर त्याला अंथरुणात गाठून हिशेब विचारणाऱ्यावर तशीच जबाबदारी का नसावी?

‘दोन मिनिटांनी काय बिघडतं?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला ती दोन मिनिटं आपल्या घड्याळात दिसतात, फोन घेणाऱ्याच्या दिवसात दिसत नाहीत. कामाच्या ताणातून माणूस सावरतो कसा, याचा अभ्यास करणाऱ्या जर्मन मानसशास्त्रज्ञ झाबिने झोनेनटाग यांनी एक गोष्ट सातत्याने मांडली आहे. ऑफिसातून शरीर बाहेर पडणं पुरेसं नसतं, मनही कामातून सुटावं लागतं, तरच थकवा भरून निघतो. यान डेटमर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2016मधला अभ्यास याच अंगाने महत्त्वाचा आहे. कामासाठी उपलब्ध राहण्याचं बंधन असलेले दिवस आणि नसलेले दिवस यांची त्यांनी तुलना केली. बंधनाच्या दिवसांनंतरच्या सकाळी लोकांची मनःस्थिती खालावलेली होती आणि कॉर्टिसोल या ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी वाढलेली होती. प्रत्यक्षात किती वेळ काम करावं लागलं, एवढ्याने हे ठरत नाही. फोन येऊ शकतो, ही टांगती तलवारच विश्रांती पोखरते. त्यामुळे ‘आम्ही क्वचितच फोन करतो’ हा बचाव लंगडा पडतो. क्वचित येणारा फोनसुद्धा रोज वाट पाहायला लावतो.

मग उपाय काय? जगभरात त्याच्या दोन वाटा दिसतात. पहिली वाट कर्मचाऱ्याला नकाराचा हक्क देण्याची. फ्रान्समध्ये 2004 साली सर्वोच्च अपील न्यायालयाने निर्वाळा दिला, की कामाच्या वेळेबाहेर खासगी मोबाइलवर न सापडणं हे गैरवर्तन ठरत नाही. प्रकरण एका रुग्णवाहिका चालकाचं होतं. पुढे 1 जानेवारी 2017पासून तिथल्या मोठ्या कंपन्यांना या विषयावर कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणं भाग पडलं. ऑस्ट्रेलियात 26 ऑगस्ट 2024पासून असा हक्क आला, फक्त नकार अवाजवी नसावा, एवढी अट आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर 2018मध्ये लोकसभेत मांडलेलं खासगी विधेयक याच वाटेवरचं होतं, आणि डिसेंबर 2025मध्ये त्यांनी तो विषय पुन्हा मांडला. 1970नंतर संसदेत एकही खासगी विधेयक मंजूर झालेलं नाही हे लक्षात घेतलं, तर अशा विधेयकाचं मोल चर्चा घडवण्यात आहे. दुसरी वाट पोर्तुगालने 2021मध्ये धरली. तिथे कायद्याने बंधन मालकावर आहे. अनिवार्य कारण नसेल तर विश्रांतीच्या वेळी कर्मचाऱ्याशी त्याने संपर्कच साधायचा नाही.

आपल्यासाठी ही दुसरी वाटच खरी आहे. हक्क कागदावर असला तरी तो बजावायला तोंड उघडावं लागतं. ज्याची नोकरी कंत्राटी आहे, ज्याचं अप्रेझल पुढच्या महिन्यात आहे, ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे, तो साहेबांचा फोन कट करणार नाही. नकाराचा हक्क अशा माणसाला देऊन आपण धैर्याची सगळी जबाबदारी सगळ्यांत दुबळ्या बाजूवर टाकतो. संपर्क न करण्याचं कर्तव्य मालकावर असलं, की कर्मचाऱ्याला वाईटपणा घ्यावा लागत नाही.

यावर आक्षेप आहेत, आणि ते उडवून लावण्यासारखे नाहीत. पहिला आक्षेप आणीबाणीचा. वादळात तारा तुटल्या, अतिदक्षता विभागात रुग्ण आला, सर्व्हर बंद पडला, तर काय करायचं? पण ही कामं आणीबाणीची आहेत हे आधीच माहीत असतं, म्हणून तर तिथे पाळ्या लावतात. पाळीवर असलेल्या माणसाला बोलवावं आणि त्या तयारीत राहण्याचा मोबदला द्यावा. अशी तयारी म्हणजे विश्रांती नव्हे, हे बेल्जियममधल्या निव्हेल गावच्या स्वयंसेवी अग्निशामकाच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने 2018मध्ये म्हटलं. बोलावल्यावर आठ मिनिटांत हजर व्हायचं असेल, तर घरी बसून काढलेला तो वेळही कामाचाच. पुण्या-हैदराबादच्या आयटी कंपन्या अमेरिकेच्या घड्याळावर चालतात हे खरं, पण त्यामुळे शिफ्टची वेळ बदलते, रजा रद्द होत नाही. दुसरा आक्षेप लहान व्यावसायिकांचा. तीन माणसांच्या दुकानात बदली माणूस आणायचा कुठून? त्यांना सवड द्यायला हवी. ऑस्ट्रेलियाने 15पेक्षा कमी कर्मचाऱ्यांच्या व्यवसायांना एक वर्ष जादा दिलं होतं. पण किल्ल्या कुठे आहेत आणि येणी कुणाकडून आहेत हे वहीत लिहून ठेवायला माणसं वाढवावी लागत नाहीत. तिसरा आक्षेप असा, की काहींना स्वतःलाच संपर्कात राहायला आवडतं. आवडू दे. पण एकाने तापात उत्तरं दिली, की दुसऱ्याचं गप्प राहणं बेफिकिरी ठरायला लागतं. म्हणून नियम सगळ्यांना सारखा हवा.

सगळ्यांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. ज्या देशात बहुसंख्य कष्टकऱ्यांना भरपगारी रजाच नाही, तिथे हा पांढरपेशांचा चोचला नव्हे का? याला मुंबईच्याच इतिहासात उत्तर आहे. 1884मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी दिलेल्या निवेदनात दर रविवारी पूर्ण दिवस विश्रांतीची मागणी होती, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, अशीही. देशाच्या लोकसंख्येत तेव्हा गिरणी कामगार मूठभरच होते. 10 जून 1890 रोजी रविवारच्या सुट्टीचा निर्णय झाला तो त्या मूठभरांसाठी, आणि पुढे तोच सगळ्यांचा मापदंड बनला. हक्क कुठेतरी आधी रुजावा लागतो. मात्र तो पसरवण्याची जबाबदारी ज्यांना आधी मिळाला त्यांच्यावर येते. आपल्यातले पुष्कळजण ऑफिसात कर्मचारी आणि घरी मालक असतात. कामवाल्या मावशी तापाने आडव्या झाल्यावर सकाळी सात वाजता ‘उद्या तरी येणार ना?’ म्हणून लावलेला फोन हा साहेबांच्या फोनाचाच भाऊ आहे, आणि मावशींना तर नाही म्हटल्यावर खाड्याचे पैसे कापले जाण्याचीही भीती असते. कंपन्यांना बांधणारा कायदा करून घ्यायला लढावं लागेल, आणि ते लढलंच पाहिजे. पण मावशींच्या आजारपणात पगार कापायचा नाही आणि त्यांनी कळवलेल्या दिवसापर्यंत फोन करायचा नाही, एवढं ठरवायला कुठल्याही अधिवेशनाची गरज नाही. ते आजपासून करता येतं, आणि जो घरी ते करतो त्याचीच ऑफिसातली मागणी वजनदार ठरते.